शिंपल्यानं भरवणारी पोलीनबाय

आमच्या गावठाणात कुणाच्या घरी माणूस गिळेनासा झाला, की डॉक्टरच्या आधी पोलीनबायला निरोप जायचा. निरोपही लांबलचक नसे. "शिंपला घेऊन बोलावलंय," एवढंच. मग ती लाल चौकड्यांचं लुगडं जरा वर खोचून, पदराच्या टोकात शिंपला गुंडाळून निघायची. कोपऱ्यावरच्या क्रूसापाशी क्षणभर थांबायची, आणि त्या घरात पाऊल टाकल्यावर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पेज कोणी केली? मना दाखवा."

हे गावठाण अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला. बाहत्तर साली लग्न होऊन मी इथे आले. आमचं घर कोकणातून आलेलं, सासरे गिरणीत कामाला. पोलीनबायचं घर मात्र मुंबईला मुंबई म्हणण्याच्या आधीपासून इथलंच. ही माणसं ईस्ट इंडियन ख्रिस्ती. बोलतात मराठीच, पण माझ्या बी.ए.च्या मराठीला ती पहिले सहा महिने नीट कळली नाही. त्यांच्या आमच्या घरामधली भिंत एकच होती. त्यांच्याकडे बोंबलाचं कालवण झालं की आमच्याकडे नुसता भात पुरायचा.

तो शिंपला खाडीतला, तळहातात मावेल एवढा. कडा पाट्यावर घासून घासून गुळगुळीत केलेल्या. पोलीनबायनं एका नर्सिंग होममध्ये आया म्हणून बावीस वर्षं काढली होती. तिथे स्टीलचे चमचे काय कमी होते? पण ती म्हणायची, "चमचा दाताला लागते, तापते. आजारी माणूस तोंड मिटून घेते. शिंपला लावला की तोंड आपोआप उघडते बघ. आईनं असाच पाजलेला असते ना."

ती कधी उभ्यानं भरवत नसे. "उभा राहून चारायला तो काय घोडा हाय?" आजाऱ्याच्या तोंडाशी आपलं तोंड येईल असं बसायचं, एक शिंपला पेज ओठांशी लावायची, आणि दोन बोटं गळ्याखाली ठेवून थांबायचं. गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली की मनात एक 'नमो मारिया' म्हणायचं. ही त्यांची मारियामातेची प्रार्थना, माळेवर म्हणतात ती. ती पूर्ण होईपर्यंत दुसरा शिंपला नाही. माळेवर या प्रार्थनेचे पन्नास मणी, वाटीत पन्नास शिंपले. माळ संपली की वाटी संपली. घाई करणाऱ्यांवर ती चिडायची. "देवाला घाई नाय, तुला कसली?"

माझ्या सासूबाईंना, रुक्मिणीबाईंना, अठ्ठ्याहत्तर साली अर्धांगाचा झटका आला. मुलांचे डबे, पाण्याची वेळ, रॉकेलची रांग, या सगळ्यातून मी त्यांना भरवत होते. त्यांना ठसका लागायचा, त्या मान फिरवायच्या. मी सगळ्यांना सांगत सुटले की सासूबाईंची अन्नावरची वासना उडाली. पोलीनबाय दारात उभी राहून दोन घास बघत होती. म्हणाली, "विमल, तिला भूक हाय गो. तुना वेळ नाय."

मला झोंबलं. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शिंपला घेऊन ती आपणहून आली. पुढे सात महिने, दिवसातून दोनदा, माझा हात बसेपर्यंत. सासूबाईंची जीभ तेव्हा जरा जरा वळायला लागली होती. एकदा पोलीनबायची माळ बघून त्या म्हणाल्या, "ह्या बायेन माका देवाक न इचारता किरिस्तांव केल्यान गो!" पोलीनबाय हसून म्हणाली, "तू राम राम म्हण, मावशे. पन वेळ तेवढाच लाव." आणि खरंच, एक माळ जपत होती नि एक राम, आणि पेज एकच. सासूबाई त्यानंतर दीड वर्ष जगल्या, अंगाला कुठे जखम नाही, पोट रिकामं नाही. ते दीड वर्ष आमच्या घराला पोलीनबायनं दिलं. असलं ऋण फिटायचं नसतं, आणि आपण फेडायच्या मागे लागू नये हेही मला तिच्याकडूनच कळलं. मी एकदा तिला साडी नेली. तिनं ती माझ्याच खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "तुनाच बरी दिसते. मना नारळ दे एक."

आता कैतानबद्दल सांगायला हवं. कैतान तिचा नवरा. मूलबाळ नव्हतं, दोघंच. तरुणपणी त्याची भातशेती होती. साठ सालाच्या आसपास सरकारनं ती कारखान्यांसाठी घेतली, आणि पुढे ज्या जमिनीवर तो लावणी करायचा तिथल्याच एका कारखान्याच्या गेटवर तो वॉचमन झाला. याचं त्यानं कधी रडगाणं गायलं नाही. त्याची एक सवय मात्र सगळ्या गावठाणाला ठाऊक होती. काहीही खाल्लं-प्यायलं की तो डोळे मिटून कपाळ, छाती, दोन्ही खांदे असा क्रूस करायचा आणि मग ताटाच्या काठाला बोट लावून ते ओठांना लावायचा. जेवण असो, पाव असो, गेटवरचा कटिंग चहा असो. कारखान्यातला दशरथ फिटर त्याची चेष्टा करायचा, "काय रे कैतान, अर्ध्या चहाला पण थँक्यू?" कैतान म्हणायचा, "अर्धा काय नि पुरा काय, देनारा तोच ना रे?" आणि पोलीनबाय आग्रह करायला लागली की वाटीवर तळहात आडवा धरायचा, "पुरे, पोलीन." त्या 'पुरे'नंतर साक्षात बिशप वाढायला आला असता तरी त्यानं घेतलं नसतं.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत कैतानला दुसरा झटका आला. पहिल्यातून तो काठी टेकत उभा राहिला होता. या वेळी उजवी बाजू पूर्ण गेली, वाचा गेली, आणि पाठोपाठ मूत्रपिंडांनीही काम सोडायला सुरुवात केली. मोठ्या हॉस्पिटलात तीन आठवडे ठेवून त्यांनी त्याला घरी पाठवलं, ते नाकातून पोटात गेलेल्या नळीसकट. दर दोन तासांनी मोठ्या सिरिंजनं गाळलेली पेज, दूध, मोसंबीचा रस सोडायचा. त्याचा डावा हात सारखा नळीकडे जायचा. दोनदा त्यानं ती उपसून काढली. मग हॉस्पिटलातल्यांनी शिकवल्याप्रमाणे पोलीनबायनं तो हात मऊ पट्टीनं खाटेच्या कडेला बांधला.

साऱ्या गावाला शिंपल्यानं भरवणारी बाई आपल्या नवऱ्याला पिचकारीनं पेज घालू लागली. मी मदतीला जायची. ती वेळ नेमकी पाळायची, नळी धुवायची, उशा उंच करायची, सगळं नर्ससारखं. पण एकदा सिरिंज रिकामी झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन मिनिटांत वाटी संपते गो. माळेला हातच लागत नाय."

फेब्रुवारीच्या शेवटी कैतानची छाती घरघरायला लागली. पाय सुजले. पेज आत गेली की दहा मिनिटांत त्याच्या घशात बुडबुडे वाजायचे, चेहरा लाल व्हायचा, बांधलेल्या हाताची बोटं चादर कुरतडायची. पोलीनबाय त्याला कुशीवर वळवून पाठ चोळत बसायची. तो जरा शांत होतोय तोवर पुढची वेळ झालेली असायची.

त्यात मार्चचा पहिला शुक्रवार आला. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना घरी येऊन कम्युनियन देतात, म्हणजे देवळातली ती पवित्र भाकर. नवे आलेले फादर रेमंड म्हणाले होते की थेंबभर पाणी गिळत असेल तर भाकरीचा नुसता कण द्यायला हरकत नाही. पोलीनबायला केवढा आनंद! तिनं पांढरी चादर घातली, मेणबत्त्या लावल्या, मला सकाळी साडेआठला बोलावून घेतलं.

मी आत गेले आणि खाटेजवळ थबकले. घरघर नव्हती. कैतान उशीवर डोकं टेकून शांत श्वास घेत होता, आणि त्याचे डोळे उघडे होते. नुसते उघडे नव्हेत, त्यानं मला ओळखलं.

फादर आले. प्रार्थना झाली. तांदळाच्या दाण्याएवढा कण त्यांनी कैतानच्या जिभेवर ठेवला. पोलीनबायनं शिंपल्यात पाणी घेतलं, ओठांना लावलं, आणि दोन बोटं गळ्याखाली ठेवली. आम्ही सगळे त्या गळ्याकडे बघत राहिलो. गाठ वर गेली, थांबली, खाली आली. तिनं दुसरा शिंपला भरला तेव्हा कैतानचे ओठ हलले. जाड, ओला, पण आवाज त्याचाच.

"पुरे."

दोन महिन्यांत तो पहिला शब्द. पोलीनबायनं चेहरा पदरात घातला. मग डोळे पुसून फादरना अभिमानानं म्हणाली, "उपास पन पाळलाय त्यानं, फादर. मध्यरात्रीला पोट रिकामा पायजे म्हणून काल संध्याकाळी सातलाच शेवटची पेज घातली. मंग थेंब पन नाय."

फादर रेमंड तिच्याकडे बघत राहिले. "कसला उपास, पोलीनबाय?"

"कम्युनियनच्या आधीचा! मध्यरात्रीपासून पानी पन नाय घ्यायचा ना? आमी तर पोरपनी तोंड धुताना पन घाबरायचो."

"अगं बाय," फादरना हसू आवरेना, "तो नियम बदलून वीस वर्षं झाली. आता तासभर पुरतो. आणि आजाऱ्याला नि त्याची सेवा करणाऱ्याला तर तेवढाही नको."

पहिल्या झटक्यानंतरच्या आजारपणात कैतान पहिल्या शुक्रवारी आपणच रात्रीपासून काही घेत नसे, तीही घेत नसे, त्यामुळे हा प्रश्न कधी कुणासमोर आलाच नव्हता. तेरा तास तिनं त्याला उपाशी ठेवलं होतं, तिनं, पोलीनबायनं, जिच्या हातून गावातलं कुणी उपाशी राहिलं नव्हतं. फादर गेल्यावर ती ओट्यावर बसून कपाळ बडवून घेऊ लागली. "मी काय केला गो! काय केला!" आणि मध्येच थांबली. आतून कैतानचा शांत श्वास ऐकू येत होता.

"विमल," ती हळू म्हणाली, "उपाशी ठेवला नि तो बरा झाला. ह्याचा मी काय अर्थ लावू?"

दुपारी पेज सुरू झाली. चारपर्यंत घरघर परत आली.

आमचे डॉक्टर चंद्रप्रकाश दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी पाय दाबून पाहिले, छाती ऐकली, आणि आम्हाला ओट्यावर नेऊन सांगितलं. शरीर आता संपत आलंय. आत घातलेलं अंगी लागत नाही, ते पाणी होऊन पायात नि फुप्फुसात साचतंय. "नळी असली तरी पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. काढली तरी जवळपास तेवढेच. ते दिवस कसे जातील, एवढाच फरक. काढायची तर मी काढतो. पण सांगायचं तुम्ही."

कैतानची थोरली बहीण मार्था दोन घरं सोडून राहायची. विधवा, तोंडानं तिखट, जीव भावावर. तिच्या कानावर गेलं आणि ती भरलेली घागर विहिरीवरच टाकून यावी तशी आली.

"नळी काढतंस? माझ्या भावाला भुकेनं मारतंस? सगळ्या गावाला पेज पाजलीस, नि घरचा मानूस जड झाला तुना?"

"मार्थाबाय, जरा हळू. तो ऐकते."

"ऐकू दे! पाचवी आज्ञा काय सांगते? हत्या करू नकोस! लोक थुंकतील गो तुझ्यावर. शिंपलावाली पोलीन नवऱ्याला पेज देत नाय!"

पोलीनबाय एरवी मार्थाला शब्दाला शब्द द्यायची. त्या दिवशी नुसती कैतानची उशी सारखी करत राहिली. कारण मार्था जे ओरडून म्हणत होती तेच ती स्वतःला कालपासून विचारत होती. मार्था गेल्यावर मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. फादर विंग्रजी काय बोलले तर तुना कळेल."

फादर रेमंड देवळामागच्या व्हरांड्यात बसले होते. पोलीनबायनं उभ्या उभ्याच डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं आणि म्हणाली, "फादर, नळी काढली तर मी त्याला मारला काय?"

त्यांनी तिला आधी बसवलं. मग विचारलं, "नळी काढून तुला काय व्हायला हवंय?"

"काय व्हायला पायजे? तो जायला मना नको हाय. तीन ते चार तो बुडते, फादर, पाच ते सहा बुडते. तो बुडायचा थांबला पायजे. येवढाच."

फादरनी कपाटातून एक छापील पत्रक काढून माझ्या हातात दिलं. पाच वर्षांपूर्वी रोमहून निघालेलं, इंग्रजी. मी दोनदा वाचलं आणि तिला मराठीत सांगितलं. मरण जवळ आलंय, टळणारं नाही, अशा वेळी नुसतं कष्टाचं जगणं लांबवणारे उपचार नको म्हणता येतात. पण आजाऱ्याची जी नेहमीची सेवा, ती थांबवायची नाही.

पोलीनबायनं लगेच नेमकं बोट ठेवलं. "मंग पेज कशात मोडते? उपचारात का सेवेत?"

"तिथंच तर शहाण्यांचं भांडण आहे," फादर म्हणाले. "काही म्हणतात, नळीतून गेलं तरी अन्न ते अन्न, ते कधी तोडू नये. काही म्हणतात, नळी हा औषधपाण्यासारखा उपचारच. शेवटचा निकाल अजून लागलेला नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं सांगणार नाही. एखादा नुसता अंथरुणाला खिळलाय, नळीतलं त्याच्या अंगी लागतंय, त्यावर तो जगतोय, तर त्याची नळी काढायला मी हो म्हणणार नाही. मग तो मला ओळखो का न ओळखो. आणि मरावा म्हणून कुणाचं अन्न तोडणं, ते पापच. पण जे अंगी लागत नाही, उलट छातीत चढून माणसाला बुडवतंय, ते ओतत राहा असं देव कुणाला सांगत नाही."

"म्हंजे कैतानचा?"

"कैतानचं काय आहे ते डॉक्टरांनी सांगितलंय. आता कैतानला विचार."

"तो बोलते कुठे, फादर?"

"शुक्रवारी बोलला की."

परत येताना ती क्रूसापाशी थांबली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाली, "विमल, पन्नास वर्सं तो पुरे म्हटला की मी हात मागं घेतला. आथां तो बांधून पडलाय म्हणून मी ऐकत नाय. ही कसली सेवा गो?"

पण मार्थाला डावलून तिला काही करायचं नव्हतं. आणि तिनं जे केलं ते मला सुचलं नसतं. वाद नाही, पत्रक नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मार्थाला बोलावलं आणि गाळलेल्या पेजेची वाटी तिच्यापुढे ठेवली. "मार्थाबाय, आजची अकराची पेज तू घाल. तुझा भाव हाय."

मार्था तयारच होती. तिनं पदर खोचला, पोलीनबायनं दाखवलं तशी सिरिंज भरली आणि नळीत सोडली. "बघ, कशी छान जाते," असं काहीतरी ती म्हणालीही. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी भरताना घशात बुडबुडे वाजू लागले. कैतानचा चेहरा लाल झाला. बांधलेल्या हाताची बोटं उघडून मिटून हवेत काहीतरी धरू बघत होती. त्यानं बहिणीकडे पाहिलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर उतरलं.

मार्थाच्या हातातली सिरिंज तशीच भरलेली राहिली.

"रोज असाच होते?"

"दर दोन तासानं."

"हा हात कोणी बांधला?"

"मी."

"सोड तो." मार्थानं सिरिंज वाटीत ठेवली. तिचा आवाज फाटला होता, पण तोरा गेला नव्हता. "पन सांगून ठेवते, पानी बंद करायचा नाय."

"मी कवा बंद करनार? तो मागंल तेवढा देनार."

संध्याकाळी डॉक्टर चंद्रप्रकाशनी येऊन नळी काढली. क्षणाचं काम. पोलीनबायनं पट्टी सोडली. आम्ही तिघी खाटेभोवती उभ्या होतो. कैताननं डावा हात उचलला, हळूहळू चेहऱ्याकडे नेला, आणि अगदी मन लावून नाक खाजवलं.

मार्थाच फिसकन हसली. "दोन महिने खाजत व्हती गो त्याला!" आणि मग आम्ही तिघीही हसलो, डॉक्टरही. हसता हसता पोलीनबाय रडायला लागली ते कुणी मनावर घेतलं नाही.

दोन दिवसांत पायांची सूज तेवढीच राहिली, पण छाती मोकळी झाली. पोलीनबायनं शिंपला काढला. पहिल्या सकाळी कोमट पेजेचं नुसतं पाणी. एक शिंपला, दोन बोटं, एक नमो मारिया. दुसरा. तिसऱ्यानंतर कैताननं तळहात आडवा धरला. "पुरे." शब्द निम्माच उमटला, पण हात स्पष्ट होता.

पोलीनबायनं हात मागे घेतला. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तीच भीती. तीनच शिंपले! तेवढ्यात कैतानचा डावा हात कपाळाकडे गेला. तिथून छातीवर. मग एका खांद्याला, आणि दुसऱ्या खांद्यापर्यंत पोचायला त्याला इतका वेळ लागला, की मार्था मदतीला पुढे झाली. पोलीनबायनं तिला अडवलं. हात पोचला. मग त्यानं बोट लांब केलं. पोलीनबायला कळलं, तिनं शिंपला पुढे धरला. त्याच्या कडेला बोट लावून कैताननं ते ओठांना लावलं.

नळी होती तोवर हात बांधलेला होता. दोन महिने दर दोन तासांनी त्याच्या पोटात अन्न पडलं, आणि त्याचे आभार मानायची त्याला एकदाही सोय नव्हती. हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानंतर कैतान नऊ दिवस होता. कधी चार शिंपले, कधी दोन, एक दिवस तर मार्थानं आणलेल्या ताडगोळ्याचं पाणी चक्क सहा शिंपले. दरवेळी पुरे, दरवेळी क्रूस. दशरथ फिटर भेटायला आला होता. त्यानं तो क्रूस बघितला आणि म्हणाला, "बघ, पाण्याला पण थँक्यू." कैतानचे ओठ जरा हलले. हसला असावा. मार्था रोज यायची, पाठ पुसायची, कूस बदलायची, आणि पोलीनबायला उशा नीट लावत नाहीस म्हणून बोलायची. त्या घरात पुन्हा भांडणं ऐकू यायला लागली आणि मला भिंतीपलीकडे बरं वाटलं.

आठव्या दिवशी फादर रेमंड शेवटचं कम्युनियन घेऊन आले. त्यांनी सांगितलं की मरणाऱ्याला देतात त्या भाकरीचं जुनं नावच मुळी 'वाटेची शिदोरी' असं आहे. कण आणि अर्धा शिंपला पाणी. या वेळी हात खांद्यापर्यंत पोचला नाही, छातीवरच राहिला. पोलीनबायनं तो तिथंच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला कैतान गेला. मार्था पायाशी होती, पोलीनबायची दोन बोटं त्याच्या गळ्याखाली होती. मनात चाललेली माळ पूर्ण होईपर्यंत तिनं बोटं काढली नाहीत.

दफन संध्याकाळी झालं. यांच्यात मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी पेज आणून घालतात. मी मोठं पातेलं भरून पेज आणि सुक्या आंब्याचं लोणचं नेलं. ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्यांतली एक, गावठाणाच्या वरच्या टोकाची, दुसरीच्या कानाला लागली. पण कुजबुज अशी की सगळ्यांना ऐकू जावी. "नळी काढली म्हनतात. उपाशी गेला बिचारा."

पोलीनबायनं मान खाली घातली. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी मार्था उभी राहिली.

"कोन उपाशी गेला?" तिचा आवाज पार क्रूसापर्यंत गेला असेल. "मी नऊ दिवस बघत व्हते. माझा भाव जेवला, पुरे म्हटला, देवाचे आभार मानले, नि उठला. उपाशी मानूस आभार मानते काय गो? तू कवा मानलेस?"

मार्था खाली बसली, पोलीनबायच्या अगदी खांद्याला खांदा लावून, आणि मला म्हणाली, "हिला दे पयली. काल रात्रीपासून पोटात काय नाय हिच्या."

मी वाटी भरून पोलीनबायपुढे धरली. तिनं वाटीत पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे सुजलेले होते.

"पेज कोणी केली?"

"मी."

"दाखव." तिनं वाटी हातात घेतली, एक घोट घेतला, आणि थांबली. मला ठाऊक होतं ती किती वेळ थांबेल, म्हणून मीही तेवढी थांबले.

"मीठ बरा हाय," ती म्हणाली, आणि सावकाश सगळी वाटी संपवली. मग कपाळ, छाती, दोन्ही खांदे, आणि वाटीच्या काठाला बोट.